काम सांभाळून शिकायचंय? गोव्यातल्या कामगार माणसांचे नेहमीचे प्रश्न

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, होंडाच्या फॅक्टऱ्यांत काम करणारे, कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांतले, ट्रकवाले, दुकानात उभे राहणारे, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, अशी माणसं अर्धवट राहिलेलं शिक्षण परत सुरू करायचं म्हटल्यावर जे जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. मी स्वतः शिफ्ट करत करत इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बीए केलं आणि मग मराठीत एमए करायला गोवा विद्यापीठात गेलो. त्यामुळे खालची काही उत्तरं माहितीची आहेत आणि काही नुसती माझी मतं, कुठलं काय ते वाचताना कळेलच. फी आणि शेवटच्या तारखा दरवर्षी बदलतात म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत, त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघायच्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत नाही.

माझं वय चाळीसच्या पुढे आहे, ॲडमिशन देतील का?

देतील. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीला किमान १४ वर्षं आणि बारावीला किमान १५ वर्षं लागतात, वरची मर्यादाच नाही. इग्नूच्या बीए-बीकॉमलाही वरची मर्यादा नाही. वयाची अडचण काउंटरवर येत नाही, ती घरात आणि वाड्यावर येते, "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय काय" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याला उत्तर देत बसू नका, फॉर्म भरा.

दहावीत गणित गेलं होतं म्हणून शाळा सुटली. परत गणित द्यावं लागणार का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून माणसं खरोखर खुर्चीत सरळ बसतात. एनआयओएसच्या दहावीला गणित सक्तीचं नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा हवी, बाकीचे तुम्ही निवडायचे. आणि आधीच्या मान्यताप्राप्त बोर्डात तुम्ही काही विषयांत पास झाला असाल तर त्यातल्या दोन विषयांपर्यंतचे मार्क इकडे आणता येतात, म्हणजे ती जुनी नापासाची मार्कशीट फाडून टाकली नसेल तर शोधून काढा, ट्रंकेत असेल. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय करून सोडवला तरी चालतो. दहावीला मराठी माध्यमही आहे.

फक्त पुढे डिप्लोमा इंजिनियरिंग वगैरे डोक्यात असेल तर गणित टाळू नका, तिथे ते लागतंच. पण बीए करायचंय, प्रमोशनला दहावी पासचा कागद हवाय, ड्रायव्हरची सरकारी पोस्ट बघताय, तर वीस वर्षांपूर्वीच्या त्या एका पेपरला घाबरून बसायचं काही कारण नाही.

आठवी पास आहे. शाळा सोडल्याचा दाखला पण हरवला. मग?

एनआयओएसच्या दहावीसाठी आपण दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिकलोय असं स्वतःचं प्रमाणपत्र लिहून देता येतं. जन्मदाखला मात्र लागेल. तरीही जमलं तर जुन्या शाळेत एकदा जाऊन या, गावातली मराठी प्राथमिक शाळा मुलं नाहीत म्हणून दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते भागशिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसात विचारायचं.

बारावी नाही, पण इग्नूच्या तयारी कोर्समधून डायरेक्ट बीएला जाता येतं असं ऐकलं.

बीपीपी नावाचा सहा महिन्यांचा कोर्स इग्नूने त्याचसाठी काढला होता. माझं मत विचाराल तर नको. तो कोर्स म्हणजे बारावी नव्हे, आणि उद्या एखाद्या भरतीत बारावीची मार्कशीट मागितली की तुमच्याकडे पदवी असून मधली पायरी नसते आणि मग कारकुनाशी वाद घालत बसावं लागतं. एक-दीड वर्ष जास्त गेलं तरी एनआयओएसमधून बारावी करून घ्या.

आमच्या घरात कॉलेजला गेलेलं कोणीच नाही, आम्हाला हे जमेल का?

हे वाक्य बोलताना माणूस खाली बघतो, म्हणून इथे थोडा इतिहास सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज आणि वर शिकायचं तर लिसेव म्हणजे पोर्तुगीज हायस्कूल, आपल्यासारख्यांच्या पणजोबांनी मंदिराच्या सभामंडपात किंवा कुणाच्या ओटीवर चालणाऱ्या मराठी शाळेत जेवढं मिळेल तेवढं शिकून घेतलं. ज्यांच्याकडे पैसे ते मुंबई, बेळगाव, धारवाडला गेले. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावागावात मराठी प्राथमिक शाळा काढल्या तेव्हा कुळांची आणि मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) पोरं पहिल्यांदा पाटी घेऊन बसली. पणजीचं धेंपे कॉलेज आणि मडगावचं चौगुले कॉलेज १९६२ चं. गोवा विद्यापीठ तर १९८५ चं, तोपर्यंत इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. सांखळी, खांडोळा, पेडणे, केपे इथली सरकारी कॉलेजं नंतर आली.

आता हिशेब करा. तुमचे वडील अठरा वर्षांचे होते तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या गावातून रोज कॉलेजला जाऊन परत येणं म्हणजे काय होतं? बस किती होत्या? घरात कोणी शिकलं नाही यात डोक्याचा प्रश्न नव्हताच, जवळ कॉलेज नव्हतं आणि असलं तरी शेतावर किंवा खाणीवर हात लागत होते. खाणपट्ट्यात तर वेगळीच गंमत झाली, डिचोली, सांगे, धारबांदोड्याकडे दहावी सोडून ट्रकावर बसलेल्या पोराला मास्तरापेक्षा जास्त पैसे मिळायचे, मग कोण शिकतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केल्यावर परत बंद, आणि पस्तिशीतली माणसं ट्रकाचे हप्ते डोक्यावर घेऊन नोकरी शोधायला निघाली तेव्हा प्रत्येक दारात पहिला प्रश्न "शिक्षण किती?"

कामगारांसाठी शिक्षण ही आजकालची फॅशन आहे का?

अजिबात नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची, कमवा आणि शिका तिथलंच. बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी लावले, कारण पोरांना नंतर कामावर जायचं होतं. टाइमटेबल माणसाच्या कामाप्रमाणे लावायचं, एवढी साधी गोष्ट, पण आजही किती कॉलेजं ती करतात बघा. दहा ते पाच लेक्चर आणि ७५ टक्के हजेरी हा नियम ज्याने कोणी केला त्याच्या घरी पगार दुसरं कोणीतरी आणत असणार.

नोकरी सोडून रेग्युलर कॉलेज करू का?

बीएसाठी, नको. घरात दुसरा पक्का पगार असेल तर गोष्ट वेगळी. मी एमएला गेलो तेव्हा दिवसपाळी सोडून रात्री वॉचमनचं काम धरलं होतं, सकाळी सांखळीहून पणजी, पणजीहून दुसरी बस धरून ताळगावच्या पठारावर, आणि दुपारच्या लेक्चरला डोळे मिटायचे. शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलं, झोप होत नाही का, मी म्हटलं होते, बसमध्ये. एमए झालं, पण कोणालाही हे असंच करा म्हणून सांगणार नाही.

मग इग्नू नक्की कसं चालतं?

ॲडमिशन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. परीक्षा दोनदा, जून आणि डिसेंबर. पुस्तकं घरी येतात किंवा मोबाईलवर डाउनलोड करायची. प्रत्येक विषयाला असाइनमेंट असते, हाताने लिहायची, तिचे ३० टक्के मार्क आणि परीक्षेचे ७०. बीएला पासिंग ३५ टक्के, पण असाइनमेंटमध्ये वेगळं पास आणि परीक्षेत वेगळं पास व्हावं लागतं, हे लक्षात ठेवा कारण पुष्कळ जण परीक्षा चांगली देतात आणि असाइनमेंटच देत नाहीत, मग रिझल्टमध्ये तो विषय अर्धवट दिसतो आणि फोन येतो, "काहीतरी चूक झालीय यांची". चूक नाही, असाइनमेंट दिली नाही.

बीए कमीत कमी तीन वर्षांचं, जास्तीत जास्त सहा. कामगार माणसाने तीन वर्षांचं गणित मांडूच नये. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास असं ते धरतात, सहा क्रेडिटचा एक विषय म्हणजे १८० तास. रोज तास-सव्वा तास मिळणाऱ्याला एकेका विषयालाच पाच-सहा महिने लागतात, आणि वर्षाला असे सहा-सात विषय असतात, करा भागाकार. एवढे तास कोणीच मोजून बसत नाही म्हणा, पण साडेचार-पाच वर्षं लागली तर ते उशिरा नाही, तोच आपला खरा वेग आहे.

मी हॉटेलात आहे. डिसेंबरची परीक्षा कशी द्यायची?

देऊ नका. गंभीरपणे सांगतोय. किनाऱ्यावर डिसेंबरात रजा मागणं म्हणजे मॅनेजरकडे राजीनामा देण्यासारखं, त्यातही नाताळ-न्यू इयरच्या आसपास. तुमचं वर्ष जूनच्या परीक्षेभोवती लावा. सीझन ऑक्टोबरात सुरू होतो, त्याआधी पावसाळ्यात हॉटेल अर्धं रिकामं असतं तेव्हा पुढच्या विषयांची पुस्तकं वाचून काढायची, असाइनमेंटचा मसुदा तेव्हाच. सीझनमध्ये फक्त तो मसुदा फेअर करायचा, त्याला डोकं लागत नाही, स्टाफ क्वार्टरमध्ये ड्युटीनंतर होतं. जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट द्यायची तारीख साधारण एप्रिलच्या आसपास पडते, पुष्कळदा वाढतेही, पण वाढेल म्हणून थांबू नका. मे संपता संपता गर्दी कमी होते, मग परीक्षा.

फॅक्टरीवाल्यांचं याच्या उलट, त्यांना डिसेंबर बरा पडतो. चवथीचे दिवस मात्र कोणीच अभ्यासात धरू नका, ज्याच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची असते त्याने त्या आठवड्यात पुस्तक उघडलं तर घरचे पुस्तकच माटोळीला बांधतील.

शिफ्ट दर आठवड्याला बदलते, टाइमटेबल बसतच नाही.

घड्याळाचं टाइमटेबल करू नका. "रोज सकाळी सहाला" असलं काही रोटेशनवाल्याला चालत नाही. शिफ्टप्रमाणे कामं वाटा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी दोननंतर घरी येऊन जेवून झोप काढल्यावर संध्याकाळ मिळते, तो आठवडा नवीन धडा वाचायचा. सेकंड शिफ्टला सकाळ मिळते, ती लिहायला चांगली. नाईटच्या आठवड्यात काहीही नवीन करू नका, फार तर कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर आधी वाचलेलं परत वाचायचं. वेर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये डिचोलीहून बसलात तर जाऊन-येऊन बराच वेळ मिळतो, तिथे माझी अर्धी पुस्तकं वाचून झाली.

आणि अर्न्ड लीव्ह साठवा, परीक्षेसाठी. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर तेवढीही सोय नसते, मग सुपरवायझरला महिनाभर आधी सांगून दोघांनी शिफ्ट अदलाबदल करून घ्यायची. मदत करणारा सहकारी प्रत्येक लाइनवर एक तरी असतो. परीक्षा आहे असं सांगायला लाजून "गावात कार्य आहे" म्हणणारेही बघितलेत, कशाला? खरं सांगितलं की उलट लोक जास्त मदत करतात, असा माझा अनुभव.

इंग्रजी येत नाही. मराठीतून पदवी होते का?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ पासूनचं, मराठीतून शिकवतं, पण ते महाराष्ट्राचं राज्य विद्यापीठ आहे आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे राज्यांच्या मुक्त विद्यापीठांनी आपल्या राज्यापुरतंच दूरशिक्षण द्यायचं असतं. सावंतवाडी-दोडामार्ग अर्ध्या तासावर आहे म्हणून पेडण्याची माणसं तिकडे चौकशी करतात, समजू शकतो, पण पुढे कागदाची अडचण नको असेल तर इथल्याइथे बघा.

इग्नूची बहुतेक पुस्तकं इंग्रजी आणि हिंदीत आहेत आणि पेपर त्यातल्या कुठल्या भाषेत लिहायचा ते तुम्ही निवडता. मराठी शाळेतल्या माणसाला हिंदी माध्यम सोपं जातं, लिपी तीच, आणि सुरुवातीला वाटतं तेवढं ते हिंदी अवघड नसतं, महिन्याभरात सवय होते. मी हिंदीतूनच केलं. इंग्रजी वाचायची सवय बाजूने चालू ठेवा मात्र, कारण एमएला किंवा ऑफिसच्या नोकरीत ती लागतेच, आणि ज्याला इंग्रजी फाडफाड येतं तो हुशार अशी जी आपली समजूत करून दिलेली आहे ती काही तुमच्या बीएने जाणार नाही.

ही डिग्री चालते का? लोक म्हणतात करस्पॉन्डन्सला किंमत नाही.

मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त किंवा दूरशिक्षणाची पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीने २०२२ मध्ये परत एकदा स्पष्ट केलं. सरकारी भरतीत चालते. खाजगी कंपनीत इंटरव्ह्यू घेणारा नाक मुरडू शकतो, ते वेगळं.

गोव्यातल्या सरकारी नोकरीला नुसती पदवी पुरत नाही हेही सांगून ठेवतो. १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, कोकणीचं ज्ञान, आणि मराठी येत असेल तर बरं, असं जाहिरातीत असतं. कारकुनाच्या पोस्टला टायपिंगही. म्हणजे पदवी होईपर्यंत थांबायच्या ऐवजी टायपिंग आताच लावा.

एका वर्षात डिग्री देतो म्हणून म्हापशात एकाने सांगितलं.

पळा. मागच्या तारखेची मार्कशीट देणारे, परराज्यातल्या खाजगी विद्यापीठाचं स्टडी सेंटर म्हणून एका गाळ्यात बोर्ड लावणारे, "परीक्षेला यायची गरज नाही" म्हणणारे, सगळे एकाच माळेचे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर त्या वर्षी कुठल्या विद्यापीठाला कुठल्या कोर्ससाठी मान्यता आहे ती यादी असते, बनावट विद्यापीठांचीही यादी असते. २०२४ पासून दूरशिक्षणाला प्रवेश घेताना विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी (याच दूरशिक्षण विभागाचा ऑनलाइन नंबर) काढावा लागतो, जो एजंट तुम्हाला त्याबद्दल काही विचारतच नाही त्याच्याकडे चहा पण घेऊ नका. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने ट्रक विकलेल्या पैशातून अशा एका माणसाला रक्कम दिली होती. कागद आला, छान जाड कागद, त्याचा उपयोग शून्य.

आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं. फॉर्म पुढेच जात नाही.

बायकांची निम्मी ॲडमिशनं इथे अडतात आणि त्या "आपल्यालाच कळत नाही" म्हणून फॉर्म सोडून देतात. डेब आयडीच्या आधी क्रेडिट बँकेचा (विद्यार्थ्याची क्रेडिट्स जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा) आयडी लागतो आणि तो आधारवरून बनतो, म्हणून नावं जुळायला हवीत. सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला काढून ठेवा, दोन प्रती. शक्य असेल तर ॲडमिशनच्या दोन-तीन महिने आधी आधारचं काम करून घ्या, शेवटच्या आठवड्यात नाही. सायबर कॅफेवाल्याला "काहीतरी करून भर" म्हणायचं नाही, तो काहीतरीच करतो, आणि पासवर्ड पण त्याच्याकडेच राहतो. मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, नवऱ्याचा नाही, पोराचा नाही.

घरचे म्हणतात आता पोरांना शिकव, तू कशाला शिकतेस?

पोरांना शिकवतानाच तर कळतं आपलं किती राहून गेलं. इथे मी फार शहाणपणा सांगणार नाही कारण रात्री नुस्त्याची (मासळीची) भांडी घासून नऊला पुस्तक उघडणारी बाई कुठल्या परिस्थितीतून येते ते तिलाच माहीत. एवढंच बघितलंय की ज्या बायका दोघी-तिघी मिळून करतात त्यांचं पूर्ण होतं. सेल्फ हेल्प ग्रुपमधली कोणी असेल, भजनाला बरोबर येणारी असेल, एकीने फॉर्म भरला की दुसरीला ओढा. परीक्षेला एकटीने बाहेरगावी जायला सासू नाही म्हणते, तिघी निघाल्या की नाही म्हणत नाही. आणि घरात अभ्यासाची एक जागा पक्की करा, स्वयंपाकघरातला कट्टा चालेल, पण त्या तासाला तो कट्टा तुमचा.

गोवा पूर्ण साक्षर झाला म्हणतात, मग प्रौढ शिक्षणाचं काम संपलं ना?

३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, उल्हास या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेखाली तशी घोषणा झाली. चांगलीच गोष्ट आहे, ज्या आजीने पहिल्यांदा स्वतःची सही केली तिला विचारा. पण सही करता येणं आणि बँकेचा कर्जाचा कागद वाचून सही करणं यात बरंच अंतर आहे, आणि त्या अंतरातच आपली सगळी माणसं उभी आहेत.

युनिव्हर्सिटीत गेलं की आपण तिथले नाही असं वाटतं. हे सगळ्यांना होतं का?

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना होतं, आणि त्याचं कारण शोधायला मला फार वेळ लागला. अभ्यास अवघड नव्हता. अवघड हे होतं की बाकीच्यांना न सांगता माहीत असलेल्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नव्हत्या. सरांच्या केबिनमध्ये शंका विचारायला जाता येतं, नुसतं दार वाजवून, हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं बोलावल्याशिवाय जायचं नसतं, साहेबाच्या केबिनसारखं. तारीख वाढवून मागता येते, लेखी विनंती केली की. लायब्ररीतलं पुस्तक दुसऱ्याकडे असलं तर आपलं नाव लावून ठेवता येतं. प्राध्यापकाच्या पोराला हे जेवणाच्या टेबलावर कळतं. फॅक्टरीत पहिल्या दिवशी कोणीतरी जुना माणूस मशीन दाखवतो, टाइम ऑफिस कुठे, कॅन्टीनचं कूपन कुठे ते सांगतो, विद्यापीठात तसा जुना माणूस कोणी नेमलेला नसतो. म्हणून तो तुम्ही शोधायचा. ऑफिसमधला शिपाई, लायब्ररीतला अटेंडंट, एक वर्ष पुढे असलेला मुलगा. शिपायाला सगळं माहीत असतं आणि तो आपल्यातलाच असतो.

दुसरं म्हणजे, तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही. बीएच्या अर्थशास्त्रात मागणी-पुरवठा शिकवतात तेव्हा एकच खोली ऑगस्टात कितीला जाते आणि ३१ डिसेंबरला कितीला हे रूमबॉयला पाठ असतं. खनिजाची ग्रेड पडली की फेरीचा दर कसा पडतो हे ट्रकवाल्याला पुस्तकाआधी कळलेलं असतं. हे असाइनमेंटमध्ये लिहा. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा भीती वाटली होती, परत आलेल्या वहीवर शेरा होता, अजून सविस्तर हवं होतं.

आणि शिकल्यावर आपल्याच लोकांपासून तुटतो का?

थोडंफार, हो. खोटं का बोलू. शब्द बदलतात, मग तियात्र-नाटकावर बोलताना तुम्ही जास्तच बोलता, आणि तिठ्यावर कोणीतरी म्हणतो, "प्रोफेसर आला रे". मस्करीच असते, पण लागते. तिकडे विद्यापीठात घरचं बोलता येत नाही, इकडे घरी विद्यापीठाचं.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आला होता. कामगारांसाठी ऑक्सफर्डमध्ये १८९९ ला रस्किन कॉलेज काढलं, खाणीतली, रेल्वेतली माणसं तिथे शिकायला आली, आणि १९०९ मध्ये त्याच विद्यार्थ्यांनी संप केला. त्यांना वाटत होतं की शिक्षण त्यांना कामगार चळवळीच्या उपयोगाचं करायच्या ऐवजी विद्यापीठाच्या साच्यात बसवतंय. कॉलेजात शिकायला मिळालं म्हणून गप्प राहायचं असं त्यांनी मानलं नाही, हे मला फार आवडतं. तिथलं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये झालं, १९७१ पासून विद्यार्थी घेतले, आपलं इग्नू १९८५ चं, त्याच वाटेवरचं.

माझ्यापुरता उपाय एकच सापडला, दुसऱ्याचे फॉर्म भरून देणं. ज्याचा फॉर्म तुम्ही भरून देता तो तुम्हाला प्रोफेसर म्हणत नाही, किंवा म्हणाला तरी वेगळ्या आवाजात.

घरी जागाच नाही. अभ्यास कुठे बसून करू?

पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं, देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. कदंब बस स्टँडवरून चालत जाता येतं. आत जायला कोणी तुमचे कपडे बघत नाही. लांबच्यांनी तालुक्याचं ग्रंथालय, गावची वाचनमंदिरं बघा, संध्याकाळी उघडी असतात आणि बऱ्याचदा रिकामी. देवळाचा सभामंडप दुपारी शांत असतो, पुजाऱ्याला विचारून.

पैशांची काही मदत?

मुक्त शिक्षणाची फी हप्त्या-हप्त्याने, वर्षावर्षाला भरायची असल्यामुळे ती सहसा झेपते. अनुसूचित जाती-जमातींसाठी काही कोर्सना सवलत असते, फॉर्म भरायच्या आधीच बघा, नंतर परत मिळवणं कटकटीचं. नियमित व्यावसायिक कोर्ससाठी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याच्या अटी वाचून घ्या. सोसायटीकडून किंवा फंडातून पैसे काढून फी भरू नका, एवढी फी असेल तर तो कोर्स आपल्यासाठी नव्हे.

पगार वाढेल का?

लगेच नाही. बऱ्याच कंपन्यांत ऑपरेटरने बीए केलं म्हणून रुपया वाढत नाही. वाढतं ते दुसरं, सुपरवायझरची जागा निघाली की अर्ज करता येतो, सरकारी जाहिरात आली की ती आपल्यासाठीही असते. माझ्या बरोबरच्यांतले काही अजून त्याच लाइनवर आहेत पदवी घेऊन. त्यातला एक पगाराची स्लिप नीट वाचायला लागला आणि फंडाचे पैसे बरोबर भरले जात नाहीत हे त्यानेच शोधून काढलं, सगळ्या शिफ्टचे मिळाले.

पदवी हातात आल्यावर काय काय करायचं?

एचआरला लेखी अर्ज देऊन सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करून घ्या, पोच घ्या. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजच्या कार्डावर शिक्षण अपडेट करा. डिजिलॉकरमध्ये आलंय का बघा. प्रत्येक सेमिस्टरच्या मार्कशीट एका फाइलमध्ये, घर गळत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या कप्प्यात. आणि मार्कशीट लॅमिनेट करू नका, कुठे पडताळणीला मागितली की मागे शिक्का मारता येत नाही. फ्रेम करायची असेल तर झेरॉक्स करा.